डावीकडची खिडकी : धावत्या गाडीतून गाव टिपताना

दर_शनिवारी

परवा वाठार सुटल्यावर, पळशी यायच्या आधी, एका शेतात घेवडा बडवत होते. हिरव्या ताडपत्रीवर वाळलेल्या झाडांचा ढीग, समोरासमोर बसलेल्या दोघी, हातात काठ्या. जरा बाजूला एक म्हातारा उभ्यानं सूप धरून उपणत होता आणि कोंड्याचा पट्टा वाऱ्यावर बांधापर्यंत जात होता. मी खिडकीशी होतो, फोन हातात होता. फोटोत मधोमध विजेचा खांब आला. पुढच्या फोटोत नुसता बांध.

अकरा वर्षं मी महिन्यातले दोन शनिवार पुण्याहून कऱ्हाडला जातो. आई तिथे असते. जाताना दुपारची कोयना एक्सप्रेस, येताना रविवारची रात्रीची गाडी. म्हणजे जे बघायचं ते जातानाच, चारेक तासांत. दुपारनंतर सूर्य पश्चिमेला कलतो आणि गाडी दक्षिणेला जाते, म्हणून मी कायम डावीकडची खिडकी धरतो. ऊन आपल्या पाठीमागून समोरच्या शेतावर पडतं, माणसांचे चेहरे उजळ येतात. उजवीकडे बसलं तर सगळ्या काळ्या आकृत्या.

पहिली दोन वर्षं मी दिसेल ते टिपत होतो. घरी जाऊन बघावं तर झाडाचा शेंडा, अर्धा बैल, गज. मग कळलं की दिसल्यावर फोन उचलायचा म्हणजे उशीर झालेलाच असतो. काय दिसणार हे आधी माहीत असावं लागतं. तेव्हापासून एक वही ठेवली. कोणत्या स्टेशनानंतर किती मिनिटांनी विहीर, कुठे वस्ती, कोणत्या महिन्यात तिथे काय काम चालतं. आता रस्ता बऱ्यापैकी पाठ झालाय.

आषाढात जेजुरी, वाल्हे, नीरा, लोणंद या पट्ट्यात माउलींची पालखी असते. तारीख जुळली तर वारकऱ्यांची रांग आणि गाडी काही अंतर जवळून जातात. वारकरी गाडीकडे बघून हात जोडतात, गाडीतली माणसं वारकऱ्यांकडे बघून हात जोडतात. हा फोटो मला कधीच नीट मिळालेला नाही, कारण त्या वेळी माझेही हात जोडलेले असतात. लोणंदला कांद्याच्या गोण्यांच्या थप्प्या. सालप्याच्या पुढे आदर्कीच्या घाटात गाडी दमानं चढते, तिथे दिवाळीनंतर धनगरांचे वाडे दिसतात. घोड्याच्या पाठीवर बिऱ्हाड, बिऱ्हाडावर कोंबड्या, आणि सगळ्यांत वर नुकतं जन्मलेलं कोकरू. घाट चढून वाठारला आलं की भाद्रपदात घेवडा. कोरेगावच्या वाघ्या घेवड्याला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, पण खिडकीतून तो ओळखायला मला चार वर्षं लागली. त्याआधी मी त्याला वहीत 'कसलं तरी कडधान्य' असं लिहायचो. रहिमतपूरनंतर ऊस सुरू होतो, मग ऊसतोडीच्या टोळ्या, कोप्या, टायरगाड्या, वाढ्याच्या मोळ्या.

पूर्वी पौषात जोंधळ्यात माळा दिसायचा, त्यावर उभं राहून गोफण फिरवणारं पोर दिसायचं. अलीकडे तिथे चकाकत्या फिती बांधलेल्या असतात आणि शेताभोवती जुन्या साड्या. साड्यांचं कुंपण उन्हात फार सुंदर दिसतं. ते रानडुकरांसाठी आहे आणि त्यामागे रात्रीची जागरणं आहेत, हे मला एका सहप्रवाशानं सांगितलं. त्यानंतर तो फोटो मी वेगळ्या नजरेनं बघायला लागलो.

सोबत माझा सगळ्यांत आवडता फोटो जोडतो. फेब्रुवारी २०१६, रहिमतपूर ते तारगावच्या मधे, चारच्या सुमारास. रुळापासून पन्नासेक पावलांवर सिमेंटचा हौद, मागे जांभळाचं झाड, आणि एक बाई उजवा हात वर करून गाडीकडे बघत उभी आहे. वहीत याचं नाव मी 'निरोप' लिहिलंय. नंतर मार्गाचं दुहेरीकरण झालं, आता ते झाड दिसत नाही.

तुम्ही कुठल्या रस्त्यावर काय टिपता, कसं टिपता, ते लिहा. आणि या खांबांचं काय करायचं तेही सांगा. विद्युतीकरण झाल्यापासून फार अडचण होते.

उजेड

छान धागा. खांबांचं आधी सांगतो.

सरळ मार्गावर दोन खांबांमध्ये साधारण पन्नास ते सत्तर मीटर अंतर असतं. गाडी ताशी ९० किलोमीटरनं चालली असेल तर सेकंदाला २५ मीटर जाते. म्हणजे दोन-अडीच सेकंदांना एक खांब. थोडा वेळ खांब मोजत बसलात तरी ती लय अंगात बसते. खांब गेला की लगेच बटण दाबायचं, खांबाची वाट बघत दृश्य न्याहाळायचं नाही. लागोपाठ फोटो घेणारी सोय असेल तर बोट दाबून धरा, आठ-दहांतला एखादा खांबाशिवायचा निघतोच.

आता हलण्याचं. शटर सेकंदाच्या हजाराव्या भागाएवढं उघडं राहिलं तर तेवढ्या वेळात गाडी अडीच सेंटिमीटर पुढे जाते. फोनच्या नेहमीच्या भिंगातून दहा मीटरवर साधारण १४ मीटर रुंदीचं दृश्य मावतं. फोटो चार हजार ठिपके रुंद असेल तर एक ठिपका साडेतीन मिलिमीटरचा. म्हणजे रुळालगतचा माणूस सात ठिपके फराटला जाणार. तोच माणूस शंभर मीटरवर असेल तर एक ठिपकासुद्धा हलत नाही. म्हणून दूरचं शेत स्वच्छ येतं आणि जवळची बाभूळ पुसली जाते. दोष तुमच्या हाताचा नाही. भर उन्हात फोन स्वतःच शटर वेगात ठेवतो. ढग आले किंवा संध्याकाळ झाली की तो शटर मंद करतो आणि सगळं फिसकटतं. फोनमध्ये हातानं वेग ठरवायची सोय असेल तर हजारच्या खाली येऊ देऊ नका, फोटो थोडा दाणेदार झाला तरी चालेल.

कोपर खिडकीच्या चौकटीवर टेकवू नका. डब्याची सगळी थरथर हातात उतरते. कोपर छातीशी धरायचं आणि अंग सीटपासून किंचित सुटं ठेवायचं.

फोटोत खांब तिरके दिसतात का? फोन चित्र ओळीओळीनं वाचतो. वरची ओळ वाचून खालची ओळ वाचेपर्यंत खांब सरकलेला असतो, म्हणून तो कलतो. जवळचा जास्त कलतो, दूरचा कमी.

दर_शनिवारी

उजेड, मनापासून आभार. खांब तिरके येतात म्हणून मी फोन दुरुस्तीला टाकणार होतो. खांबांच्या लयीचं पुढच्या शनिवारी नक्की करून बघतो.

इरलं

आमची बाजू कोकण रेल्वेची. इथे खांबांपेक्षा बोगदे. ९१-९२ बोगदे आहेत, रत्नागिरीजवळचा करबुड्याचा तर साडेसहा किलोमीटरचा. रत्नागिरीच्या आसपास दोन बोगद्यांच्या मधे कधीकधी एकच खाचर दिसतं, त्यात चार बायका वाकून लावणी करताना दिसतात, आणि पुन्हा अंधार. बोगद्यातल्या काळोखाला फोन सरावलेला असतो, त्यामुळे बाहेर पडल्यावरचे पहिले फोटो पांढरेफटक येतात. यावर माझा उपाय असा : बोगद्यात शिरायच्या आधी बाहेरच्या हिरवळीवर बोट दाबून धरायचं, उजेड आणि फोकस दोन्ही बांधून टाकायचे. मग बोगद्याच्या तोंडातून बाहेर येताच फोटो बरोबर येतो. फोकस बांधला नाही तर फोन खिडकीचे गज धरतो, किंवा काचेवरचे पावसाचे थेंब.

पावसाळ्यात कोकण रेल्वेचं वेळापत्रक वेगळं असतं, गाड्या मुद्दाम सावकाश चालवतात. आणि नेमकी तेव्हाच लावणी. तरव्याच्या जुड्या, चिखलणी, गुडघाभर पाण्यात बैल. ज्याला कोकण खिडकीतून बघायचंय त्यानं मे महिन्यात आंब्यांसाठी येऊ नये, आषाढात यावं.

माझं नाव मी इरलं घेतलंय कारण माझ्या आजीच्या पाठीवर ते होतं. पळसाच्या पानांचं. आता सगळीकडे प्लॅस्टिकची खोळ. गेल्या पाच वर्षांत गाडीतून मला खरं इरलं एकदाच दिसलं, वैभववाडीच्या अलीकडे. फोटो काढला नाही. तोंडात बोट घालून बघत राहिले आणि पुढचा बोगदा आला.

लाल_डबा

मी एस.टी.त वाहक होतो, ३१ वर्षं. निवृत्त झालो. १ जून १९४८ ला पुणे ते अहमदनगर पहिली गाडी सुटली, त्या गाडीच्या गोष्टी आम्हाला जुन्या लोकांनी सांगितल्या होत्या. रेल्वेवाल्यांनी रागावू नये, पण गाव बघायचं असेल तर एस.टी.तूनच. रेल्वे गावाच्या पाठीमागून जाते, एस.टी. गावाच्या दारातून जाते. रेल्वेतून तुम्हाला शेत दिसेल. एस.टी.तून अंगण दिसतं, ओट्यावर कोण बसलंय ते दिसतं, कुणाच्या दारात मांडव पडलाय ते दिसतं.

तांत्रिक मला कळत नाही, पण एक सांगतो. प्रत्येक गावाच्या वेशीला गतिरोधक असतो. तिथे गाडी माणसाच्या चालीवर येते, मग शाळा आणि मारुतीचं देऊळ येईपर्यंत तशीच चालते. ते अर्धं मिनिट तुमचं. चढावर गाडी पहिल्या-दुसऱ्या गिअरवर येते, ते दुसरं ठिकाण. बाकी रस्त्यात फोन खिशात ठेवा आणि नुसतं बघा.

चाकावरची सीट घेऊ नका, दणके बसतात. मधली घ्या. आणि हात किंवा फोन गजांच्या बाहेर काढू नका, हे हात जोडून सांगतो. समोरून ट्रक घासून जातो तेव्हा वेळ मिळत नाही. माझ्या गाडीत एका मुलाचं मनगट गेलं. तो फोटो काढत नव्हता, नुसता वारा घेत होता. ते रक्त मी विसरलेलो नाही. रेल्वेच्या दारात लटकून फोटो काढणाऱ्यांनाही हेच सांगणं.

तुमचा फोटो बघितला. एक शंका. चारची वेळ, फेब्रुवारी, तुम्ही पूर्वेकडे बघताय. म्हणजे ती बाई पश्चिमेकडे तोंड करून उभी आहे, ऊन सरळ तिच्या डोळ्यांत. तिनं निरोपाला हात केला नसेल, डोळ्यांवर सावली धरली असेल. आम्ही वळणावर उभे राहून गाडी येते का बघायचो तेव्हा असाच हात धरायचो.

दर_शनिवारी

काका, हे मला सुचलंच नव्हतं. फोटो मोठा करून पुन्हा पाहिला. हात कपाळाच्या वर आहे, कपाळाला टेकलेला नाही. पण इतक्या लांबून खात्रीनं सांगता येत नाही.

मनगटाचं वाचून फार वाईट वाटलं. हा मुद्दा मीच धाग्याच्या सुरुवातीला लिहायला हवा होता.

सुगी

मी थोडं वेगळं लिहिते. कुणाला दुखवायचं नाही.

माझं गाव मराठवाड्यात, रुळापासून हाकेच्या अंतरावर. शाळेत असताना आम्ही मुली पहाटे आईबरोबर, काकूबरोबर रुळाकडच्या बाभळीत जायचो. घरात संडास नव्हता. लांबून इंजिनाचा दिवा दिसला की सगळ्या उठून उभ्या राहायच्या. गाडी जाईपर्यंत उभंच राहायचं, तोंड फिरवून, पदर ओढून. मालगाडी असेल तर बराच वेळ. खिडक्यांत माणसं असायची. त्यांना आम्ही दिसत होतो हे आम्हाला माहीत होतं, आणि आम्हाला माहीत आहे हे त्यांनाही माहीत असणार.

आता घरात संडास आहे. ती बाभळ मात्र मला दर वेळी दिसते, आणि खिडकीत कुणाच्या हातात फोन दिसला की पोटात गोळा येतो.

म्हणून माझं म्हणणं एवढंच : उजाडायच्या वेळच्या गाडीत फोन बाहेर काढू नका. नदीच्या पुलावरून जाताना खाली बायका धुणं धूत असतील, अंघोळ करत असतील, तेव्हा नको. शेतात वाकून काम करणाऱ्या बाईचा फोटो पाठीमागून नको. ती तुम्हाला 'हो' म्हणू शकत नाही आणि 'नको'ही म्हणू शकत नाही. गाडी थांबत नाही.

उजेड

सुगीताई, हे आम्ही कुणी लिहिलं नसतं. फोटो शिकवताना मी आजवर शटरबद्दल तासभर बोललो, याबद्दल एक वाक्य बोललो नव्हतो. पुढच्या वेळी बोलेन.

दर_शनिवारी

ताई, माझा नियम आता असा करतो. चेहरा ओळखू येईल असा फोटो कुठेही टाकायचा नाही. 'निरोप' मी टाकलाय, त्यात चेहरा ओळखू येत नाही असं मला वाटतं. तुम्हाला काढावासा वाटला तर सांगा, लगेच काढतो.

सुगी

राहू द्या. ती ताठ उभी आहे आणि समोर बघतेय.

पऱ्हाटी

मी फोटो काढतच नाही. लिहितो. आमच्याकडे मूर्तिजापूर ते यवतमाळ शकुंतला चालायची, अरुंद रुळांवरची. १९९४ पर्यंत तिला वाफेचं इंजिन होतं. आजोबांचं बोट धरून मी कारंज्याहून दारव्ह्याला त्या गाडीनं गेलोय. इतकी सावकाश की शेतातल्या माणसाशी पूर्ण बोलणं व्हायचं. आजोबा खिडकीतून विचारायचे, "कितवी वेचणी?" तो तिकडून सांगायचा, "दुसरी." कापूस वेचणाऱ्या बायांच्या पोटाशी बांधलेली ओटी भरून पोट मोठं दिसायचं आणि मला वाटायचं सगळ्यांनाच बाळ होणार आहे.

त्या गाडीचा एकही फोटो माझ्याकडे नाही. गाडी बंद पडली तेव्हा ते फार लागलं. म्हणून आता बसनं जाताना छोटी डायरी असते. एका दृश्याला एक ओळ, जास्त नाही, कारण लिहिताना मान खाली गेली की पुढचं हुकतं. गेल्या महिन्यातल्या तीन ओळी देतो.

दारव्ह्याच्या अलीकडे : बैल सावलीत, माणूस उन्हात, डबा दोघांच्या मधे.

त्याच रस्त्याला, थोडं पुढं : पोरगी सायकल चालवत नाही, सायकलला धरून चालते. मागे पाण्याच्या दोन कॅन.

यवतमाळ यायच्या आधी : फवारणीचा पंप पाठीवर, तोंडाला काही बांधलेलं नाही.

तिसरी ओळ लिहिल्यावर मी पुढच्या थांब्यावर उतरून मागे जायला हवं होतं. गेलो नाही. विषबाधेच्या बातम्या आमच्या जिल्ह्यात २०१७ साली सगळ्यांनी वाचल्यात, माणसं गेलीत. ती ओळ डायरीत तशीच आहे.

इरलं

तुमची सायकलची ओळ वाचून मला ती मुलगी दिसली. फोटोत तिच्या मागचं घर, तार, आभाळ, सगळं आलं असतं आणि कॅन कदाचित दिसल्या नसत्या.

दूरदेशी

मी न्यू जर्सीत राहतो, रोज गाडीनं न्यूयॉर्कला जातो-येतो. आमच्या या मार्गावरची एक गोष्ट इथे सांगण्यासारखी आहे.

८ जून १९६८ ला हत्या झालेले अमेरिकन नेते रॉबर्ट केनेडी यांचं पार्थिव न्यूयॉर्कहून वॉशिंग्टनला याच रुळांवरून नेलं. 'लुक' मासिकाचे छायाचित्रकार पॉल फस्को त्या गाडीत होते. त्यांना वाटलं होतं फोटो दफनभूमीत काढायचे. गाडी बोगद्यातून बाहेर आली तर रुळांच्या दोन्ही बाजूंना माणसं. गाडी सावकाश चालली, आठेक तास लागले. फस्को खिडकी उघडून तेवढा वेळ फोटो काढत राहिले. अंगणातली कुटुंबं, उंचीप्रमाणे ओळीत उभी केलेली मुलं, सलाम ठोकणारे म्हातारे, गोरे, काळे. मंद फिल्म होती. संध्याकाळ झाली तसा उजेड गेला आणि फोटो हलत गेले. शेवटी शेवटी माणसं नुसत्या रेघा होऊन उभी आहेत. ते हललेले फोटो मला स्वच्छ फोटोंपेक्षा जास्त रडवतात. हजाराहून जास्त फोटो काढले त्यांनी, आणि बहुतेक तीस वर्षं कुणी पाहिलेसुद्धा नाहीत.

पुढची गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते. बऱ्याच वर्षांनी रायन येले टर्पस्ट्रा नावाच्या डच कलावंतानं उलटं काम केलं. त्या दिवशी रुळांकडेला उभ्या असलेल्या लोकांनी स्वतःच्या कॅमेऱ्यातून गाडीचे जे फोटो काढले होते, ते त्यानं गावोगाव शोधून जमवले. म्हणजे तीच गाडी, तेच क्षण, पलीकडून.

आपल्याकडे पलीकडून कुणी लिहितं का?

रुळांलगत

आमी पलीकडचेच. धागा दोन दिस वाचतोय, आज लिहितो.

आमचं रान रहिमतपूर-तारगावच्या मधीच हाय. रुळानं रान दुभागलंय, आजाच्या बी आधीपास्नं. विहीर आन् मोटर पूर्वेला, निम्मा ऊस पश्चिमेला. रुळाखालच्या मोरीतनं पाइप नेलाय. आमच्याकडं घड्याळ लागत न्हाय. कोयना गेली की च्या ठेवायचा, हे माझ्या आईचं. शाळेत असताना आमी गाडीला हात करायचो, आतलं कुणी उलटा हात केला की तो 'आपला' माणूस. दगड मारणारी पोरं बी हुती, त्यांना आमच्या मास्तरानं एकदा स्टेशनात नेऊन काच फुटलेला डबा दाखवला, मग थांबली.

तुमी गाडीतनं बघता तवा तुमाला एक घटका दिसतं. आमाला रोज सगळ्या खिडक्या दिसत्यात. कोण झोपलंय, कोण जेवतंय, कोण रडतंय. तरणी पोरगी खिडकीशी बसून रडताना मी दोनदा बघितलीय. तिला वाटत आसंल इथं कोण न्हाय, नुसतं रान हाय.

आता तुमचा फोटो. त्यो हौद आमचा. उजव्या कोपऱ्यावर निळ्या रंगानं आकडा लिहिलाय, त्यो माझ्या चुलत्यानं हौद बांधला तवाचं साल हाय. जांभूळ दुहेरी लाइन टाकताना गेलं. बाई म्हंजी माझी चुलती.

ती निरोप देत न्हाय. कंडक्टर काका म्हणत्यात तसं उन्हाला हात बी धरला न्हाय. त्या टायमाला दिवसाची लाइट आसणार. ती मोटरीपाशी उभी हाय, आन् चुलता पलीकडं, तुमच्या गाडीच्या त्या बाजूला, उसात दारं धरतोय. पाणी शेवटच्या सरीला पोचलं की तो तिकडनं वरडतो, 'बंद कर.' मधी गाडी आली की काय ऐकू जात न्हाय. मग चुलती हात वर करती. त्याचा अर्थ, 'थांब, गाडी जाऊ दे, मग सांग.' चुलता गाडीखालनं, चाकांच्या मधनं तिचा हात बघतो. लहानपणापास्नं बघतोय मी.

तुमी दोघांच्या बोलण्याच्या मधी हुता.

लाल_डबा

वा. माझा अंदाज चुकला याचा आज आनंद वाटतोय.

सुगी

चुलती कशा आहेत?

रुळांलगत

ताई, बऱ्या हायेत. गुडघं दुखत्यात. फोटो दाखवला. म्हणाल्या, ती साडी कुठं गेली काय म्हाईत. आन् म्हणाल्या, एवढं जांभूळ बरं आलंय, त्याचा तेवढा मोठा करून दे.

दर_शनिवारी

दादा, आत्ता वाचलं. दोनदा वाचलं. फोटोची मूळ प्रत मोठ्या आकारात कालच छापायला दिली होती दुसऱ्या एकासाठी, ती तुमच्या चुलतींना देतो. झाड पूर्ण आलंय, शेंड्यापर्यंत. वहीतलं 'निरोप' खोडून 'थांब, गाडी जाऊ दे' असं लिहिलं.

मी हिशेब केला. अकरा वर्षं, महिन्याला दोन, म्हणजे अडीचशेहून जास्त वेळा मी तुमच्या रानातून गेलोय आणि एकदाही उजवीकडे बसलो नाही. तिकडे ऊन डोळ्यांवर येतं म्हणून. काका तिकडे उभे असायचे.

या शनिवारी उजवीकडची खिडकी मिळवतो. फोटो काळा आला तरी चालेल. आणि फोटो काढायचा की नाही ते काकांना विचारून सांगा, नाहीतर नुसतं बघतो. ते अजून दारं धरतात का? चारच्या सुमाराला असतील का?

रुळांलगत

धरतो की. पण या आठवड्यात लाइट रातची हाय, शनवारी चार वाजता तो झोपलेला आसंल. पुढच्या आठवड्यात दिवसाची येतीय. तवा या. मोरी दिसली की पुढं तिसरा खांब सोडून बघा. मी त्याला सांगून ठेवतो, हात कर म्हणून.

उजेड

मोरीनंतर तिसरा खांब. म्हणजे तुमच्याकडे सहा-सात सेकंद आहेत.